दगड वेचणारा वकील : सर विल्यम हॅमिल्टन

थोर पुरुषांची जी चरित्रे आपण मुलांच्या हाती देतो ती बहुधा रणांगणातील किंवा राजसभेतील असतात. राजसभेत वावरूनही ज्याचे नाव एका डोंगरामुळे टिकले अशा एका परकीय गृहस्थाचे चरित्र या वर्षी ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, कर्जत-खालापूरच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना ते जवळचे का वाटावे, हे पुढे ओघानेच येईल.

विल्यम हॅमिल्टन यांचा जन्म १७३०-३१ च्या हिवाळ्यात एका खानदानी स्कॉटिश घराण्यात झाला. ते लॉर्ड आर्चिबाल्ड हॅमिल्टन यांचे धाकटे पुत्र. कुळ मोठे, परंतु धाकट्या मुलाच्या वाट्याला इस्टेट येण्याची रीत तेथे नव्हती. म्हणून कोवळ्या वयातच त्यांना सैन्यात चाकरी धरावी लागली. १७५८ मध्ये कॅथरीन बार्लो या सधन घरातील सुशील मुलीशी त्यांचा विवाह झाला आणि सैन्याची नोकरी सुटली. पुढे ते पार्लमेंटचे सभासद झाले. पत्नीची प्रकृती नाजूक होती. तिला उबदार हवा मानवेल, हाही विचार मनात धरून त्यांनी इटलीतील नेपल्सच्या दरबारी इंग्लंडचा वकील म्हणून जाण्याचे पत्करले. १७६४ च्या नोव्हेंबरात ते तेथे दाखल झाले.

वकील म्हणजे कोर्टातील नव्हे, तर राजदूत. चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून पुण्यास पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांतर्फे होता, त्याच जातीचे हे काम. काळही तोच. ज्या नाना फडणीसांनी बांधविलेले महादेवाचे देऊळ व तलाव आपल्या खोपोलीत आहेत, ते नाना आणि हे हॅमिल्टन समकालीन होत. १८०० साली नाना निवर्तले. त्याच साली हॅमिल्टन यांची वकिलातही संपली.

नेपल्सचा राजा शिकारीचा षोकी. वकिलाने त्याच्याबरोबर शिकारीस जावे, मेजवान्यांस हजर राहावे आणि मायदेशी खलिते धाडावेत, एवढे केले की दिवस भरत असे. दुसरा कोणी असता तर त्यातच समाधान मानून राहिला असता. पण नेपल्सच्या अंगणात व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी उभा होता. इ. स. ७९ मध्ये त्याने पाँपेई व हर्क्युलेनियम ही शहरे गाडून टाकली होती आणि हॅमिल्टन गेले तेव्हा ती उकरून काढण्याचे काम चालू होते. १७६५ पासून डोंगर पुन्हा खवळू लागला. लोक देवाचा धावा करीत, विद्वान घरी बसून तर्क लढवीत. हॅमिल्टन मात्र पायथ्याशी एक घर घेऊन, वाटाड्या सोबतीस घेऊन थेट वर चढू लागले. १७६७ च्या ऑक्टोबरात तप्त रस अकस्मात जवळच फुटून बाहेर आला, तेव्हा त्यांना व वाटाड्यास जीव मुठीत धरून मैलच्या मैल पळावे लागले. तरी त्यांनी जाणे सोडले नाही. आपल्या कारकिर्दीत ते पन्नासांहून अधिक वेळा व्हेसुव्हियस चढले.

वर जाऊन ते नुसता देखावा पाहून परतत नसत. थिजलेला रस, हलका सच्छिद्र दगड, गंधक, क्षार, राख, स्फटिक असे जे जे त्या डोंगराने बाहेर टाकले, ते ते त्यांनी वेचले. कोणता नमुना कोठला, हे लिहून ठेवले आणि पेट्या भरून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठविले. सोबत आपल्या निरीक्षणांची पत्रे ते रॉयल सोसायटीस धाडीत. १७६६ मध्ये त्या संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले व १७७० मध्ये कॉप्ली पदक अर्पण केले. १७७६ साली त्यांनी आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पिएत्रो फाब्रिस या चित्रकाराकडून काढविलेली ५४ रंगीत चित्रे त्यात आहेत. काही चित्रे डोंगराची, तर काही केवळ दगडांची. आणि दगडांची चित्रे इतकी हुबेहूब की नमुना हाती घेतल्याचा भास व्हावा.

त्या काळी पुष्कळ पंडितांचे मत असे होते की काळा कातळ हा आदिसागराच्या पाण्यातून साका बसून झाला. हॅमिल्टन यांनी व्हेसुव्हियसच्या कड्यांतील आणि पाँपेईच्या चरांतील थर मोजून पाहिले. एकाखाली एक असे अनेक उद्रेकांचे थर त्यांना दिसले आणि त्यांनी निष्कर्ष काढला की ज्वालामुखी जमीन जाळतो तशी घडवितोही, आणि हे डोंगर अग्नीनेच थरावर थर रचून उभे केले आहेत.

त्यांच्या चिकाटीचा खरा नमुना मात्र निराळाच आहे. आपण रोज पाहू शकत नाही हे ओळखून त्यांनी १७७९ पासून पाद्री अंतोनिओ पियाज्जो यांना नेमले. पियाज्जो यांनी डोंगरासमोर राहून दररोज त्याची स्थिती लिहावी व चित्र काढावे, एवढेच काम. कित्येक वर्षे ही रोजनिशी चालली. १७८३ मध्ये कॅलाब्रियात भयंकर भूकंप झाला, तेव्हा पन्नाशी उलटलेले हॅमिल्टन स्वतः उद्ध्वस्त गावांतून हिंडले आणि त्याचाही वृत्तांत त्यांनी लिहिला.

चरित्रकाराने उणी बाजू झाकू नये. त्यांनी प्राचीन मृत्पात्रांचा मोठा संग्रह केला व १७७२ मध्ये तो ब्रिटिश म्युझियमला ८,४०० पौंडांस विकला. म्हणजे संग्रहामागे विद्याप्रेमाबरोबर व्यवहारही होता. कॅथरीनबाई १७८२ मध्ये वारल्या. १७९१ मध्ये त्यांनी एमा या रूपवती तरुणीशी विवाह केला. पुढे तिचे व सेनापती नेल्सनचे प्रेमप्रकरण जगभर गाजले आणि वृद्ध पतीची चेष्टा झाली. फ्रेंच सैन्य चालून आल्यामुळे १७९८ च्या अखेरीस राजासह त्यांना नेपल्स सोडून पळावे लागले. त्याच डिसेंबरात त्यांच्या दुसऱ्या संग्रहाच्या पेट्या नेणारे ‘कोलोसस’ जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडाले. १७९९ मध्ये नेपल्समधील प्रजासत्ताकवाद्यांवर राजाने क्रूर सूड उगविला. दिलेली अभयवचने मोडली गेली आणि त्यात नेल्सनबरोबर हॅमिल्टनही राजाच्या बाजूने उभे राहिले. हा डाग पुसता येण्यासारखा नाही. ६ एप्रिल १८०३ रोजी लंडनमध्ये त्यांचे देहावसान झाले. पहिल्या पत्नीच्या शेजारी, वेल्समधील स्लेबेक येथे, त्यांना मूठमाती देण्यात आली.

खनिजांचा छंद त्यांच्या भाच्यानेही जोपासला. चार्ल्स ग्रेव्हिल यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १८१० मध्ये ब्रिटिश म्युझियमने १३,७२७ पौंडांस घेतला. आपल्या देशातील कुरुंदाच्या दगडावर ग्रेव्हिल यांनी १७९८ मध्ये निबंध लिहिला होता, हे आपल्या वाचकांस विशेष वाटेल.

आता आपल्या अंगणाकडे वळू. माथेरान, राजमाची, इर्शाळगड, बोरघाट हे सारे काळ्या कातळाचे, आणि हा कातळही अग्नीचेच अपत्य. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेल्या तप्त रसाचे थर एकावर एक साचून तो बनला. त्याच कातळात कोंढाण्याची लेणी कोरलेली आहेत. त्या रसातील वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्याने तेथे खनिजे आणून सोडली आणि सुंदर स्फटिक तयार झाले. त्यांनाच आपण गारगोट्या म्हणतो. १८५६ ते १८६३ या काळात हजारो मजुरांनी बोरघाटाचा कडा फोडून लोहमार्ग नेला, तेव्हा अशा स्फटिकांची भांडारे उघडी पडली आणि उत्तमोत्तम नमुने परदेशी संग्रहालयांत जाऊन बसले. अलीकडे सिन्नर येथे ‘गारगोटी’ नावाचे खनिज-संग्रहालय उभे राहिले आहे. मुलांना ते अवश्य दाखवावे. आपल्या कित्येक घरांतील कपाटांतही गारगोट्या आहेत. त्या कोणत्या डोंगरातल्या, कोणी व केव्हा आणल्या, हे मात्र घरातील कोणास सांगता येत नाही.

प्रश्न नुसत्या शोभेच्या दगडांचा असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेतील माणसे, गुरे, घरे मातीखाली गेली. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा तज्ज्ञांनी करावयाची. परंतु डोंगराला नवी भेग पडणे, झाडे कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे या खुणा जवळ राहणाऱ्यासच प्रथम दिसतात. त्या टिपून ठेवणारा कोणी असला तर वेळेवर इशारा देता येतो.

हॅमिल्टन त्या मातीतले नव्हते, डोंगर त्यांचा नव्हता आणि नोकरीत ते काम नेमून दिलेले नव्हते. तरीही जेथे अन्नोदकाने नेले तेथील भूमीची ओळख करून घेणे त्यांनी आपले कर्तव्य मानले. आज आपली मुलेबाळे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस व सातासमुद्रापार आहेत. त्यांनी जेथे असतील तेथील भूमी अशीच डोळसपणे पाहावी. आणि जे गावी आहेत त्यांना एवढीच विनंती की घरातील प्रत्येक गारगोटीखाली ठिकाण, तारीख व आणणाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. आणि प्रत्येक शाळेत एक वही असावी, जीत मुलांनी पावसाळ्याचे चार महिने समोरच्या डोंगराची स्थिती रोज लिहावी. खर्च एका वहीचा आहे.