प्राचार्यांनी घर गहाण ठेवले, खाशाबांनी पदकानंतर कर्ज फेडले. काय आहे ही गोष्ट?

सोलापूर : खाशाबा जाधव हे स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे मल्ल. त्यांचे १९५२ चे कांस्यपदक अनेकांना माहीत आहे. मात्र, मायदेशी परतल्यावर ते पुन्हा आखाड्यात का उतरले, हे फारसे कुणी सांगत नाही.

तालीम कुठे झाली?
कराडजवळच्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते, त्यामुळे कुस्तीचे पहिले धडे घरीच मिळाले. अंगकाठी लहान असल्याने खाशाबांनी ताकदीपेक्षा चपळाई आणि डावांवर भर दिला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये शिक्षण आणि कुस्ती दोन्ही सुरू राहिले.

लंडनमध्ये काय झाले?
१९४८ च्या ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. मातीत प्रतिस्पर्धी चितपट झाला की कुस्ती निकाली निघते. मॅटवर गुणांवरही निकाल लागतो. लाल मातीत घडलेल्या खाशाबांना हे नवे होते. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. परतल्यावर पुढच्या ऑलिंपिकसाठी त्यांनी सराव वाढवला.

हेलसिंकीचा खर्च कुणी केला?
प्रवासाचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले.

५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांना, तर कांस्य खाशाबांना मिळाले.

कर्ज कसे फिटले?
गावी बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण प्राचार्यांचे घर अजून गहाणच होते. खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून ते कर्ज फेडले.

पुढे काय झाले?
१९५५ मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर. भारताचे पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले थेट १९९६ मध्ये, टेनिसपटू लिअँडर पेसकडून. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला आज खाशाबांचे नाव आहे.