रूट कॉज नाही, सांत्वन: पंडिता रमाबाईंचं जीवन

आजचं वाचन: २ करिंथ १:३-७



आजच्या वाचनात पौल करिंथच्या मंडळीला पत्राच्या सुरुवातीलाच सांत्वनाबद्दल लिहितो. पाचच वचनं आहेत, पण हा शब्द त्यांत पुन्हा पुन्हा येतो. पौलाचं म्हणणं थोडक्यात असं: देव आपल्या प्रत्येक संकटात आपलं सांत्वन करतो, आणि ते अशासाठी की आपल्याला मिळालेलं सांत्वन आपण दुसऱ्या दुःखी माणसापर्यंत न्यावं. संकट मुळात का आलं, हे मात्र तो इथे सांगत नाही.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला हे जरा जड जातं. आमच्याकडे रात्री सिस्टम बंद पडली की सकाळी पहिला प्रश्न असतो, रूट कॉज काय? लॉग्स बघा, कारण शोधा, रिपोर्ट लिहा, मग तिकीट बंद. दुःखाच्या बाबतीतही आपण तेच करायला जातो. माझ्याच वाट्याला का? कोणाचं काय चुकलं? योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी एका जन्मांध माणसाकडे बघून प्रभूला हाच प्रश्न विचारला होता, की पाप याचं की याच्या आईबापांचं? प्रभूने दोन्ही उत्तरं नाकारली, आणि त्या माणसाला दृष्टी दिली.

आज हे वचन आपण पंडिता रमाबाईंच्या जीवनातून समजून घेऊया. शाळेच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल चार ओळी असतात. समाजसुधारक, शारदा सदन, झालं. त्या चार ओळींच्या मागे केवढं दुःख आहे आणि त्या दुःखाचं पुढे काय झालं, हे फार कमी जणांना माहीत असतं.

एप्रिल १८५८ मध्ये पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बाईने संस्कृत शिकायचं ही कल्पनाच तेव्हा लोकांना सहन होत नव्हती, पण शास्त्रीबुवांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकवलं. पुढे रमाला शिकवलं ते मुख्यतः आईनेच. एका जागी घर असं फार दिवस राहिलं नाही. रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालं, आणि तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावरून नेलं. मग वर्षानुवर्षं हेच जीवन. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला जायचं, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर जगायचं आणि हातात असेल ते दानधर्मात देऊन टाकायचं.

रमाबाई सोळा वर्षांच्या असतील, १८७४ च्या सुमाराची गोष्ट. दक्षिणेत दुष्काळाचे दिवस आले. जवळचे पैसे संपले, दागिने आणि भांडी गेली. या कुटुंबाला अंगमेहनतीचं काम येत नव्हतं आणि भीक मागायची लाज वाटत होती. झाडपाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले. काही आठवड्यांत आई अंथरुणाला खिळली. आईला काहीतरी खायला मिळावं म्हणून रमा एका शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिली, पण मागायला तोंडातून शब्दच फुटेना, नुसतं रडू आलं. त्या बाईने बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन घरी आली तर आईला तो खाण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

आई गेली तेव्हा खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. उंची कमी, म्हणून तिने आईच्या तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली आणि स्मशानापर्यंत चालत गेली. थोड्याच महिन्यांत मोठी बहीण कृष्णाबाईही गेली.

उरले भाऊ-बहीण. दोघं उत्तरेकडे चालत निघाले. हजारो मैल चालले. झेलम नदीच्या काठी थंडी सहन होईना तेव्हा वाळूत खड्डे करून त्यांत स्वतःला पुरून घ्यायचे, तेवढीच ऊब. व्रतं, उपास, तीर्थं सगळं निष्ठेने करूनही पदरी काही पडलं नाही, आणि त्या मार्गावरचा दोघांचा विश्वास हळूहळू उडाला, असं रमाबाईंनी नंतर स्वतः लिहून ठेवलंय.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. आता तरी चांगले दिवस येतील असं आपल्याला वाटतं. पण १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने, जातीबाहेर लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. रमाबाई तेव्हा फक्त तेवीस वर्षांच्या होत्या. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेले होते, आणि कडेवर एक तान्ही मुलगी.

मित्रांनो, इथे जरा थांबा. या आयुष्याचा रूट कॉज रिपोर्ट कोण लिहील? मला तरी लिहिता येणार नाही.

पण याच काळात एक छोटीशी गोष्ट घडून गेली होती. आसाममध्ये सिल्चरला राहत असताना, नवऱ्याच्या हयातीतच, रमाबाईंना घरातल्या पुस्तकांत बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं. ते कुठून आलं होतं कोण जाणे. त्यांनी ते वाचलं आणि ते मनात राहिलं.

नवरा गेल्यावर त्या महाराष्ट्रात आल्या. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री डॉक्टरांची आणि शिक्षिकांची मागणी केली. १८८३ मध्ये स्वतः डॉक्टर व्हायच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या, पण ऐकायला कमी येऊ लागल्यामुळे तेही दार बंद झालं. सोबत गेलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिचाही तिथेच करुण अंत झाला.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज इथल्या सिस्टर्सच्या मठात राहत होत्या. एकदा सिस्टर्सनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेलं. समाजाने टाकून दिलेल्या, बदनाम झालेल्या बायकांची तिथे प्रेमाने काळजी घेतली जायची. रमाबाईंनी असं याआधी कुठेच बघितलं नव्हतं. ज्यांचं तोंड बघायला लोक तयार नाहीत त्यांच्यावर हे लोक का प्रेम करतात, असं त्यांनी विचारलं. सिस्टरने उत्तरादाखल योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली शोमरोनी बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी बरोबरीने बोलणारा येशू. तिथे रमाबाईंना ख्रिस्त वेगळा दिसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि छोट्या मनोरमाने बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा झाला आणि सगळं ठीक झालं, अशी ही साक्ष नाही. पुढची काही वर्षं आपल्याला धर्म मिळाला, पण ख्रिस्त स्वतः अजून हाती लागला नाही, असं त्यांना वाटत राहिलं. जवळपास आठ वर्षांनी त्यांना उमजलं की आपण जशा आहोत तशाच त्याच्याकडे जायचं आहे. वर्षानुवर्षं चर्चला जाऊनही आत कोरडं वाटणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांना यातून धीर मिळेल.

दरम्यान अमेरिकेत फिरून, इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांनी मदत गोळा केली होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुढे पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई तिथल्याच विद्यार्थिनी. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपांवरून मोठं वादळ उठलं आणि अनेक मुलींना पालकांनी काढून नेलं. उभं केलेलं काम डोळ्यांदेखत अर्धं झालं.

मग १८९६ आला. मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला आणि बातम्या पुण्यापर्यंत पोहोचल्या. रमाबाईंच्या हाताशी पुरेसा पैसा नव्हता, जागा नव्हती. पण उपासमार म्हणजे काय हे त्यांना वर्तमानपत्रातून कळायची गरज नव्हती. बावीस वर्षांपूर्वीचं सगळं त्यांना आठवत होतं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. शेकडो मुली. पुण्याजवळ केडगावला त्यांनी शेतजमीन घेऊन ठेवली होती, तिथे या मुलींची सोय केली. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात पुन्हा तेच केलं, आणि मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

आता आजचं वचन पुन्हा आठवा. सोळाव्या वर्षी शेजारणीच्या दारात भाकरीसाठी रडणारी मुलगी चाळिशीला येता येता शेकडो मुलींसाठी रोजची भाकरी थापवून घेत होती. फुलहॅमला जे बघितलं त्यातून केडगावला फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन उभं राहिलं. आंधळ्या मुलींनाही शिक्षण मिळू लागलं. विणकाम, शेती, तेलघाणी, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. देवाने त्यांना जे सांत्वन दिलं होतं, ते असं पुढे वाहत गेलं.

माझी आई गेली तेव्हा भेटायला येणारी बरीच मंडळी मला कारणं सांगून गेली. देवाची योजना, देवाची इच्छा, चांगली माणसं लवकर जातात. सगळे मनापासून बोलत होते, आज त्यातलं काहीच आठवत नाही. पण आमच्या मंडळीतल्या एक विधवा मावशी पंधरा दिवस रोज संध्याकाळी डबा घेऊन यायच्या. फार बोलायच्या नाहीत. आम्ही जेवेपर्यंत बसायच्या, डबा धुऊन घेऊन जायच्या. त्यांच्या आमटीची चव मला अजून आठवते. शोक झालेल्या घरात कशाची गरज असते हे त्यांना ठाऊक होतं, कारण त्या स्वतः त्यातून गेल्या होत्या.

रमाबाईंच्या गोष्टीचा शेवटही गोड नाही, आणि तो लपवायला नको. म्हातारपणी त्यांनी एक मोठं काम हाती घेतलं होतं. साध्या, कमी शिकलेल्या बाईलाही समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. काम पुढे मनोरमा सांभाळेल अशी आशा होती. पण १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाही गेली. कडेवरच्या ज्या बाळाला घेऊन ही आई एवढी लढली, तेही गेलं. रमाबाईंनी भाषांतर सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. पूर्ण बायबल त्यांच्या मागून, मुक्तीच्याच छापखान्यात छापून झालं.

मनोरमा का गेली, हे रमाबाईंना कोणी सांगितलं नाही. पण ज्याने आपल्यासाठी वधस्तंभावर दुःख सोसलं, तो त्या खोलीत त्यांच्याबरोबर होता असा माझा विश्वास आहे. आणि बाहेर अंगणात शेकडो मुली होत्या, ज्यांना आई हवी होती.

तुमच्यापैकी कोणी आज दुःखात असेल तर तुम्हाला आजच कोणाची सेवा करायला लागा असं मी म्हणणार नाही. रमाबाईंनाही भाकरीच्या त्या तुकड्यापासून केडगावपर्यंत यायला बावीस वर्षं लागली. आज फक्त सांत्वन घ्या. रडावंसं वाटलं तर प्रभूपुढे रडा. शेजारणीच्या दारात रमालाही शब्द सुचले नव्हते.

आणि जे आज जरा सावरलेले आहेत, त्यांच्यासाठी मननाचा एक प्रश्न: तुम्ही ज्या दुःखातून गेलात, त्याच दुःखातून आत्ता कोण जातंय? त्यांना फोन करा. जमलं तर डबा घेऊन जा.

प्रार्थना करूया.

हे दयाळू बापा, आमच्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं आमच्याकडे नाहीत. पण तू आम्हाला सोडून गेला नाहीस म्हणून तुझे आभार मानतो. जे आज रडत आहेत त्यांच्याजवळ बस. आम्हाला जे सांत्वन तुझ्याकडून मिळालं ते आमच्यापाशीच अडवून ठेवायला नको, ते पुढे जाऊ दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.