नामदार गोखले

१९०२ सालच्या मार्च महिन्याची २६ तारीख. कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या राजवाड्यात वरिष्ठ कायदेमंडळाची बैठक भरली होती. अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हे स्वतः विराजमान झाले होते. अर्थखात्याचे प्रमुख सर एडवर्ड लॉ यांनी त्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडले होते व त्यात सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती. अशी शिलकीची वर्षे लागोपाठ येत होती. देश सुखी आहे, राज्यकारभार उत्तम चालला आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता, असे सरकारपक्षास वाटत होते. सभासदांनीही एकामागून एक उठून सरकारचे अभिनंदन करावे, हा त्या सभागृहाचा परिपाठच होता.

तेवढ्यात पुणेरी पगडी आणि उपरणे घातलेले एक गौरवर्ण गृहस्थ बोलावयास उभे राहिले. वय अवघे पस्तीस. त्या सभागृहातील अंदाजपत्रकावरचे हे त्यांचे पहिलेच भाषण होते. या अभिनंदनात आपणास सहभागी होता येत नाही, असे त्यांनी सौम्य शब्दांत सांगितले आणि मग सरकारनेच छापलेले आकडे हाती घेऊन त्या शिलकीचा उगम कोठे आहे, हे ते उलगडून दाखवू लागले. हे गृहस्थ म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. कायदेमंडळाच्या सभासदास त्या काळी नामदार म्हणत. पुढे नामदार हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रात प्रथम गोखल्यांचीच मूर्ती डोळ्यांपुढे उभी राही.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले आणि संसाराचा सारा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर पडला. गोविंदरावांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी पत्करली व त्यांतून दरमहा आठ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवू लागले. घरात उरत सात. पुढे देशाच्या खजिन्यातील कोट्यवधी रुपयांचा हिशेब ज्याने मागितला, त्याने पैशाची किंमत प्रथम या आठ रुपयांत जाणली होती.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. वकिली किंवा सरकारी नोकरी सहज मिळण्याजोगी होती. परंतु पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व पुढे फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिकविण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, ज्या विषयाला शिक्षक नसेल तो विषय गोखल्यांनी शिकवावा, असा प्रकार असे. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक पुष्कळ वर्षे शाळांतून चालले.

पुण्यातच त्यांना गुरू भेटले, ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. सरकारी अहवाल, जमाखर्चाची पुस्तके, पीकपाण्याची व पटकीची कोष्टके रानड्यांनी या तरुण शिष्यापुढे ठेवावीत, त्याने ती तपासून निवेदन लिहावे आणि गुरूने त्यातील एकेक वाक्य पारखून घ्यावे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. एकदा गोखल्यांना मोठा कंटाळा आला. एवढे कष्ट घेऊन सार्वजनिक सभेने अर्ज पाठवावेत आणि सरकारने दोन ओळींचे कोरडे उत्तर द्यावे, मग हा खटाटोप कशासाठी, असे त्यांनी रानड्यांना विचारले. हे अर्ज नावापुरतेच सरकारला लिहिलेले असतात, खरे पाहता ते आपल्याच लोकांसाठी असतात, या गोष्टींचा विचार कसा करावा हे लोकांनी शिकले पाहिजे, असे रानड्यांनी त्यांना समजावले. ते बोल गोखले कधीही विसरले नाहीत.

दुसरे मार्गदर्शक होते गणेश व्यंकटेश जोशी. हे सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक. दिवसभर शाळा सांभाळावी आणि उरलेल्या वेळात देशाच्या आर्थिक स्थितीचे आकडे जुळवावेत, असा त्यांचा व्यासंग होता. गोखल्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांमागे जोश्यांनी सोलापुराहून पाठविलेली टिपणे असत. मुख्याध्यापकांची नावे इतिहासात क्वचितच राहतात. निदान हे एक तरी राहावयास हवे.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले. तेथे त्यांची कसून उलटतपासणी झाली आणि तीतून ते यशस्वीपणे पार पडले. परंतु त्याच वेळी दुसरीकडे मोठे संकट ओढवले. पुण्यात प्लेगची साथ होती. घरांची झडती घेणाऱ्या गोऱ्या सैनिकांनी लोकांवर केलेल्या अत्याचारांची पत्रे गोखल्यांना पुण्याहून आली. पत्रे लिहिणारे विश्वासू होते. गोखल्यांनी त्यातील गंभीर आरोप इंग्लंडच्या वृत्तपत्रांतून जाहीर केले. मुंबई सरकारने पुरावा मागितला. स्वदेशी परतल्यावर गोखल्यांनी पुष्कळ शोध केला, पण आपले नाव सांगून साक्ष देण्यास कोणीही पुढे येईना. ज्यांनी पत्रे लिहिली, त्यांची नावे सांगणेही त्यांना उचित वाटले नाही. आता काय करावे? गप्प बसता आले असते. गोखल्यांनी तसे केले नाही. जे सिद्ध करता येत नाही ते आपण जाहीर केले, याबद्दल ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांतून बिनशर्त क्षमा मागितली.

त्याबद्दल लोकांनी त्यांना भित्रे ठरविले. अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांना मान वर करणे कठीण झाले. त्यांची ही क्षमायाचना गरजेपेक्षा अधिक नम्र होती, असे आजही काहींना वाटते, आणि त्या मताला आधार नाही असे म्हणता येणार नाही. पण गोखले कोपऱ्यात जाऊन बसले नाहीत. ते पुण्यातील प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. तेव्हापासून सरकारला विचारावयाचा प्रत्येक प्रश्न ते पुराव्याच्या भक्कम पायावर उभा करू लागले.

१८९९ साली ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात निवडून आले. १९०१ साली शेतकऱ्यांच्या जमिनीविषयीचे एक विधेयक सरकारने सर्वांचा विरोध डावलून रेटले, तेव्हा सर फिरोजशहा मेहता यांच्याबरोबर गोखलेही सभागृह सोडून बाहेर पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस मेहतांच्या जागी त्यांची वरिष्ठ कायदेमंडळावर निवड झाली. कॉलेज सोडताना त्यांना दरमहा तीस रुपये निवृत्तिवेतन मिळाले.

ते कायदेमंडळ कसे होते, हे समजून घेतल्याविना गोखल्यांच्या कामाची अवघडता ध्यानी यावयाची नाही. आज लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. सभासद मंत्र्यांना प्रश्न विचारतात. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला उभे राहून तोंडी द्यावे लागते व त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. लोकसभेचा विश्वास उडाला तर मंत्रिमंडळाला पायउतार व्हावे लागते. गोखल्यांच्या वेळी यांतले जवळजवळ काहीच नव्हते. सभासदांत सरकारी अधिकाऱ्यांची संख्या नेहमीच अधिक. प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने मिळालेली होती खरी, पण त्याची लेखी सूचना आधी द्यावी लागे, अध्यक्षाला तो नाकारता येई आणि उत्तर कितीही अपुरे असले तरी त्यावर उपप्रश्न करता येत नसे. अंदाजपत्रकावर बोलता येई. मत मात्र देता येत नसे. तेव्हा हाती उरले काय? वर्षातून एकदा मिळणारे भाषण आणि सरकारचेच आकडे.

आता त्या सात कोटींकडे वळू. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी मोठी रक्कम इंग्लंडमध्ये पौंडांत पाठवावी लागे. रुपयाची किंमत घसरून तेरा पेन्सच्या आसपास आली, तेव्हा एका पौंडासाठी सुमारे साडेअठरा रुपये मोजावे लागत. ही तूट भरून काढण्यासाठी सरकारने कर वाढविले. पुढे सरकारने रुपयाचा भाव सोळा पेन्सवर बांधला. म्हणजे एका पौंडाला पंधराच रुपये पुरू लागले. खर्च उतरला, पण वाढविलेले कर तसेच राहिले! शिल्लक आली ती येथून. त्याच काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडले होते आणि माणसे व गुरे अन्नावाचून मेली होती. अशा वर्षांत सरकारच्या तिजोरीत पैसा साचतो, याचा अर्थ लोकांकडून गरजेहून अधिक घेतले जाते इतकाच होतो, हे गोखल्यांनी मांडले. त्यांच्या बोलण्यात ना आरडाओरड होती, ना दूषणे. लॉर्ड कर्झनसारख्या अभिमानी व्हाइसरॉयनेही त्यांची बुद्धिमत्ता मान्य केली.

सर्वांत चिकाटीने त्यांनी पाठपुरावा केला तो मिठावरील कराचा. एक मण मिठावर, म्हणजे सुमारे ३७ किलोंवर, अडीच रुपये कर होता. श्रीमंताला तो जाणवत नसे. पण गरिबाला मीठभाकरीतील मीठही महाग झाले होते. कर कमी केला तर मीठ अधिक खपेल आणि सरकारचे उत्पन्न फारसे बुडणार नाही, असा गोखल्यांचा युक्तिवाद होता. १९०३ साली कर दोन रुपयांवर आला. खप वाढला. ती वाढ दाखवून गोखल्यांनी पुन्हा मागणी केली. १९०५ साली दीड रुपया झाला आणि १९०७ साली एक रुपया. ही सूट एकट्या गोखल्यांमुळे मिळाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण दरवर्षी मार्च महिन्यात कोणीतरी उठून मिठाचा हिशेब मागणार आहे, हे अर्थखात्याला ठाऊक झाले होते.

१९०५ साली त्यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. लोकमान्य टिळकांशी त्यांचे तीव्र मतभेद होते. सरकारपुढे आकडे मांडून काय मिळणार, असे टिळकपक्ष विचारी. आणि पदरी पडणारे इतके थोडे होते की तो प्रश्न अप्रस्तुत म्हणता येत नव्हता.

१९०९ च्या कायद्याने सभासदांना थोडा अधिक अधिकार मिळाला. प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला व सभागृहापुढे ठराव मांडता येऊ लागला. गोखल्यांनी त्याचा तत्काळ उपयोग केला. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत हिंदी मजूर कराराने बांधून नेले जात व तेथे त्यांचे अतोनात हाल होत. ही मजूरभरती बंद करावी, असा ठराव त्यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी मांडला आणि सरकारने तो मान्य केला. पुढच्या वर्षी नाताळची भरती थांबली. १९१२ साली स्वतः आफ्रिकेला जाऊन त्यांनी गांधीजींसमवेत तेथील हिंदी लोकांची स्थिती पाहिली.

परंतु त्यांच्या मनाला खरी ओढ होती शिक्षणाची. त्या काळी देशात शंभरांतील सहा जणांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. मार्च १९१० मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. त्याच वर्षी सरकारने स्वतंत्र शिक्षणखाते उघडले, पण सक्तीचे नाव काढले नाही. तेव्हा १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी स्वतःच विधेयक आणले. त्यात मागितले होते ते अगदी थोडे. ज्या गावी मुले आधीच बऱ्याच प्रमाणात शाळेत जातात, तेथील नगरपालिकेची इच्छा असेल व सरकारची संमती मिळेल, तर सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळेत पाठविणे सक्तीचे करावे. ज्या पालकाचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांहून कमी असेल, त्याच्याकडून फी घेऊ नये. मुलींसाठी सक्ती पुढे यावी. बडोद्याचे सयाजीराव महाराज आपल्या राज्यात हे करून दाखवीत आहेत, मग ब्रिटिश सरकारला ते का साधू नये, असा त्यांचा सवाल होता.

वर्षभर या विधेयकावर मते मागविली गेली. प्रांतिक सरकारांनी प्रतिकूल मते कळविली. पैसा नाही, शिक्षक नाहीत, लोक तयार नाहीत, अशी उत्तरे आली. सरकारी अधिकारी तर विरुद्ध होतेच, पण काही हिंदी सभासदांनीही पाठ फिरविली. शेतावर राबणारी पोरे शाळेत गेली तर मजूर कोठून आणावयाचे, ही धास्ती पुष्कळ जमीनदारांच्या मनात होती. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवावे या सूचनेच्या बाजूने १३ मते पडली, विरुद्ध ३८. आपण हरणार हे गोखल्यांना आधीच दिसत होते. तरीही प्रत्येक आक्षेपाला त्यांनी शेवटपर्यंत आकड्यांनिशी उत्तर दिले आणि पराभवाबद्दल आपली तक्रार नाही, हे त्याच सभागृहात सांगितले.

त्यांची प्रकृती मधुमेहाने पोखरली होती. १९१४ साली सरकारने देऊ केलेली सर ही पदवी त्यांनी नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९१८ साली, मुंबईच्या कायदेमंडळात विठ्ठलभाई पटेल यांनी मांडलेला प्राथमिक शिक्षणाचा कायदा संमत झाला. नगरपालिकांची इच्छा असेल तेथे सक्ती, ही त्याची रचना गोखल्यांच्या विधेयकासारखीच होती. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला व मुलीला विनामूल्य शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेत २००९ साली झाला. गोखल्यांनी मागितली होती चारच वर्षे.