सोडावॉटरचे जनक जोसेफ प्रीस्टली

इंग्लंडमधील लीड्स शहरात १७६७ मध्ये धर्मोपदेशक म्हणून रुजू झालेल्या जोसेफ प्रीस्टली यांना राहावयास मिळालेले घर बिअरच्या कारखान्याला लागून होते. लीड्सजवळच्या बर्स्टल येथे १३ मार्च १७३३ रोजी लोकरी कापडाच्या व्यवसायातील कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बोलताना ते अडखळत, तरीही त्यांनी उपदेशकाचाच पेशा पत्करला. विद्युत्शास्त्राचा इतिहास लिहून त्यांनी विद्वानांत नाव मिळवले होते. रसायनशास्त्राकडे मात्र त्यांना वळवले ते या शेजाराने.

आंबवणाच्या उघड्या पिंपांवर वीतभर उंचीचा एक अदृश्य थर सदैव असे. त्यात धरलेली मेणबत्ती विझे, तर पेटत्या ढलप्यांचा धूर त्या थरावर तरंगून पिंपाच्या काठावरून खाली ओघळे. हा वायू म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड. स्कॉटलंडचे जोसेफ ब्लॅक यांनी तो आधीच ओळखला होता. प्रीस्टली यांनी पिंपावर दोन भांडी धरून एकातून दुसऱ्यात पाणी ओतण्याचा सपाटा लावला आणि काही मिनिटांतच पाण्याला नैसर्गिक खनिज झऱ्यासारखी आंबटसर, चुणचुणीत चव आली. पुढे घर बदलल्यावर ते खडूवर गंधकाम्ल टाकून वायू तयार करू लागले आणि डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीतून तो पाण्यात सोडू लागले. या पिशवीमुळे पाण्याला लघवीची चव येते, अशी तक्रार डॉ. नूथ यांनी केली व काचेचे उपकरण सुचवले. तक्रार अगदीच अवाजवी नसावी!

१७७२ मध्ये ही कृती त्यांनी पुस्तिकेच्या रूपाने सर्वांसाठी खुली केली. पेटंट घेतले नाही. खलाशांना ग्रासणारा स्कर्व्ही या पाण्याने बरा होईल, ही त्यांची खरी आशा होती. कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीवर त्यासाठी साहित्यही देण्यात आले. ती आशा फोल ठरली, कारण स्कर्व्हीचे मूळ क जीवनसत्त्वाच्या अभावात होते. रॉयल सोसायटीने १७७३ मध्ये त्यांना कोपली पदक दिले. पैसा मात्र मिळवला तो जिनिव्हात १७८३ मध्ये व्यवसाय थाटणाऱ्या याकोब श्वेप यांनी.

वायू पाण्यात किती विरघळेल, हे दाबावर अवलंबून असते, हा नियम मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. द्रव जितका थंड, तितका वायू अधिक मुरतो. छोट्या ब्रुअरीत आजही हेच चालते. धातूच्या बंद पिंपातील, म्हणजे केगमधील बिअर तीन अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून सुमारे पाऊण बार जादा दाबाखाली आठवडाभर ठेवली की एका लिटरमध्ये अडीच लिटरच्या आसपास वायू मुरतो. घाई असेल तर पिंप हलवतात किंवा सच्छिद्र दगडातून बारीक बुडबुडे सोडतात. वायू व द्रव यांचा स्पर्श वाढवण्याची ही युक्ती प्रीस्टली यांच्या दोन भांड्यांचीच. मेणबत्ती विझवणारा तो थर बंदिस्त तळघरात आजही कामगारांचा जीव घेऊ शकतो. म्हणून तेथे वायुमापक यंत्रे बसवतात.

१७७४ मध्ये त्यांनी पाऱ्याच्या भस्मापासून ऑक्सिजन वेगळा केला. मात्र राजकारण व धर्म यांविषयीची त्यांची परखड मते अनेकांना सलत होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्धापनदिनी, १४ जुलै १७९१ रोजी, बर्मिंगहॅममध्ये जमावाने त्यांचे घर, प्रयोगशाळा आणि ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त केला. ज्या मेजवानीवरून हा दंगा उसळला, तिला ते हजरही नव्हते! कुटुंबाने कसाबसा जीव वाचवला. १७९४ मध्ये त्यांनी देश सोडला आणि पेनसिल्व्हेनियातील नॉर्थम्बरलँड या लहानशा गावी पुन्हा प्रयोगशाळा उभारली. ऑक्सिजनने कालबाह्य ठरवलेल्या फ्लॉजिस्टन सिद्धान्ताचा कैवार त्यांनी तेथेही सोडला नाही. ६ फेब्रुवारी १८०४ रोजी त्याच गावी त्यांचे निधन झाले.