रुग्णवाहिका घेऊन निघालेला सोलापूरचा डॉक्टर

नगरचं रणगाडा संग्रहालय तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. शाळेच्या सहलीला नाही, तर घरी आलेल्या पाहुण्यांबरोबर तरी. पण लढाई नुसती रणगाड्यांवर चालत नाही. त्यांच्या मागून आणखीही गाड्या येत असतात. जखमींना उचलणारी रुग्णवाहिका, औषधांचा ट्रक, गरम चहा आणि खाणं घेऊन फिरणारी कँटीनची गाडी. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ढिगारे उपसणाऱ्यांना आणि घर गमावून रस्त्यावर आलेल्यांना अशाच गाड्यांवर चहा मिळायचा. ब्रह्मदेशच्या आघाडीवर महिलांचं एक पथक जवानांसाठी फिरती कँटीन चालवत होतं. या गाड्यांवर कुणी चित्रपट सहसा काढत नाही. पण अशाच एका गाडीबरोबर निघालेल्या आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या एका तरुणावर मात्र निघाला. त्याचं नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

कर्जत ओलांडलं की करमाळा, म्हणजे सोलापूर जिल्हा. सोलापूर शहरात १० ऑक्टोबर १९१० ला द्वारकानाथचा जन्म झाला. मध्यमवर्गीय कुटुंब, घरात बरीच भावंडं. मुलगा मुंबईला गेला, जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाला. आता पुढचं शिक्षण, मग दवाखाना, मग लग्न. तुमच्या घरी जशी चर्चा होते ना, तशीच त्यांच्याही घरी होत असणार.

तेवढ्यात एक बातमी आली. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला चढवला होता. शहरामागून शहर पडत होतं, जखमींचा हिशेब नव्हता आणि डॉक्टर मिळत नव्हते. चिनी सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंकडे मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी लोकांना आवाहन केलं आणि बावीस हजार रुपये जमले. लक्षात घ्या, देश स्वतः पारतंत्र्यात होता. तरी त्या पैशांतून एक रुग्णवाहिका, औषधं आणि पाच डॉक्टर चीनला पाठवायचं ठरलं.

पाच जण कोण होते? प्रमुख डॉ. मदनमोहनलाल अटल. हे नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी. आणि आपले कोटणीस, वय अठ्ठावीसच्या आत. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईच्या बंदरातून त्यांची बोट सुटली.

पोहोचले तेव्हा चित्र आणखी बिघडलं होतं. महिन्याभरात वुहानसारखं मोठं शहर हातचं जायच्या बेतात होतं. पथक मागे सरकत चुंगकिंगला आलं. तिथे कोटणीसांना घरून बातमी मिळाली, वडील गेले. आता काय करायचं? परत जायला कुणीही नाव ठेवलं नसतं. सोबतच्यांनीही त्यांना घरी जायला सुचवलं. पण पथक उत्तरेला येनानकडे निघण्याच्या तयारीत होतं, जखमी तिकडे जास्त होते. कोटणीस थांबले. हा निर्णय बरोबर की चूक, ते तुमचं तुम्ही ठरवा. सोलापुरात त्यांच्या आईवर काय बेतलं असेल, हेही त्याच हिशेबात धरा.

फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले. पुढे एकेक जण परतू लागला. चोळकर परतले, मुखर्जी परतले, नंतर अटलही. यात कमीपणा काही नव्हता, त्यांनी आपलं काम केलं होतं. उरले बसू आणि कोटणीस. बसू १९४३ मध्ये परत आले आणि त्यांनी पुढे कलकत्त्यात ॲक्युपंक्चरचे उपचार सुरू केले. कोटणीस मात्र जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या डोंगरात, थेट आघाडीवर गेले.

आता रुग्णवाहिकेचं बघा. गाडीला रस्ता लागतो, पेट्रोल लागतं. उत्तर चीनच्या त्या डोंगरांत दोन्ही नव्हतं. रेल्वे आणि मोठे रस्ते जपान्यांच्या हातात होते. मग जखमींपर्यंत पोहोचायचं कसं? याचं उत्तर कोटणीसांच्या आधी तिथे काम केलेल्या एका कॅनेडियन सर्जनने शोधलं होतं. त्यांचं नाव नॉर्मन बेथून. स्पेनच्या युद्धात त्यांनी गाडीतून आघाडीवर रक्त पोहोचवण्याची फिरती सोय उभी केली होती. चीनमध्ये गाडी चालेना, तर त्यांनी खेचराच्या पाठीवर बसणारं लाकडी खोगीर बनवून घेतलं. दोन्ही बाजूंना कप्पे, त्यात हत्यारं, मलमपट्टी, औषधं. सुमारे शंभर शस्त्रक्रियांना पुरेल एवढं सामान त्यात मावायचं. खोगीर काढून खाली ठेवलं, की ऑपरेशनची तयारी सुरू. थोडक्यात, रुग्णवाहिका चार चाकांवरून चार पायांवर आली. नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष पसरून बेथून वारले. त्यांची जागा रिकामी झाली.

१९४० मध्ये त्या भागात मोठी आणि लांबलेली लढाई पेटली. त्या धुमश्चक्रीत कोटणीसांनी आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण आठवा आणि तशा तीन रात्री मोजा, त्याही हातात चाकू आणि समोर जिवंत माणूस असताना.

जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या इस्पितळाचं संचालकपद त्यांच्याकडे आलं. इस्पितळ म्हणजे इमारत डोळ्यांसमोर आणू नका. शेतकऱ्यांची घरं हेच वॉर्ड. शत्रू जवळ आला की सगळं उचलून दुसऱ्या गावात. याच धावपळीत कोटणीस चिनी भाषा शिकले, तीही अशी की चिनी विद्यार्थ्यांना वर्गात शस्त्रक्रिया शिकवू लागले. पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. लोक त्यांना के दीहुआ म्हणत. त्यातल्या हुआचा अर्थ चीन.

तिथेच परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी ओळख झाली आणि १९४१ च्या अखेरीस लग्न. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पण कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारांसाठी दुसरीकडे जा, असं सोबतचे सांगत होते. ते काम सोडून गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला त्याच आजारात ते गेले. वय फक्त ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा, पाठ्यपुस्तकाचा पुढचा भाग अर्धाच.

आता त्या तारखेला नगरमध्ये काय चाललं होतं, ते बघा. चार महिन्यांपूर्वी, ९ ऑगस्टला, मुंबईत पकडलेल्या काँग्रेसच्या कार्यकारिणीला ब्रिटिशांनी आपल्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं होतं. त्यात मौलाना आझाद होते, सरदार पटेल होते आणि नेहरूही होते. म्हणजे ज्यांच्याकडे चीनने डॉक्टर मागितले ते नगरच्या किल्ल्यात कैदी, आणि ज्यांनी त्यासाठी पैसे उभे केले ते सुभाषबाबू देशाबाहेर, युरोपात. पुढच्याच वर्षी सुभाषबाबू मदतीसाठी जपानला गेले, ज्या जपानच्या गोळ्यांनी जखमी झालेल्यांना कोटणीस शिवत होते त्याच जपानला. स्वातंत्र्याच्या वाटा सरळ नव्हत्या मित्रांनो. एकाच पथकामागे उभी राहिलेली माणसं चार वर्षांत किती वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचली होती!

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला, कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली. चीनमध्ये शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे. त्या शहरात त्यांच्या नावाचं वैद्यकीय विद्यालय आहे आणि तिथले नवे विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता, पण तो चोविसाव्या वर्षीच गेला. छिंगलान २०१२ पर्यंत होत्या आणि त्यांनी सोलापूरच्या घराशी नातं टिकवलं.

पुढे १९६२ चं युद्ध झालं. सीमेवर आजही तणाव आहे. त्यामुळे कोटणीसांचं नाव घेताना काहींना अवघडल्यासारखं होतं. पण एक लक्षात घ्या. ते गेले ते कुठल्या सरकारसाठी नाही. समोर जखमी होते आणि यांना टाके घालता येत होते, एवढंच.

सोलापुरात भैय्या चौकात त्यांचं घर आता स्मारक झालं आहे. नगरहून सकाळची एसटी धरली तर संध्याकाळपर्यंत परत येता येतं. पुढच्या सुट्टीत जाऊन या. आणि पुढच्या वेळी रणगाडे पाहाल, तेव्हा त्यांच्या मागून येणाऱ्या गाड्यांचाही विचार करा. त्या गाड्या चालवायला आणि त्यांतून उतरून हात रक्ताने माखून घ्यायलाही कुणीतरी लागतं, तुमच्याच वयाचं.