जादूला नियम घालणारा कादंबरीकार : बाबू देवकीनंदन खत्री

जादूला काही धरबंध नसतो, असा आपला सर्वसाधारण समज आहे. मांत्रिकाने काठी फिरवावी आणि डोंगराचा महाल व्हावा! परंतु जेथे काहीही घडू शकते, तेथे पुढे काय घडेल याची हुरहूर वाचकाला का लागावी? ही अडचण ज्याने ओळखली आणि जादूलाच नियमांत बांधले, असा एक कादंबरीकार गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत काशीत होऊन गेला. त्याचे नाव बाबू देवकीनंदन खत्री.

देवकीनंदनांचा जन्म १८६१ साली बिहारमधील पूसा येथे, आजोळी झाला. घराणे मूळचे पंजाबातले. आरंभीचे शिक्षण उर्दू-फारसीत झाले. हिंदी व संस्कृत त्यांनी पुढे काशीत आत्मसात केली. तरुणपणी गयेजवळच्या टिकारी येथे त्यांनी व्यापार केला. नंतर काशीनरेशांकडून चकिया व नौगढच्या जंगलांचा ठेका त्यांना मिळाला. या निमित्ताने दऱ्याखोरी, गुहा आणि पडके किल्ले यांतून त्यांची मनसोक्त भटकंती झाली. पुढे हा ठेका हातचा गेला. उत्पन्न थांबले; पण पाहिलेले ते भग्न अवशेष मनातून जाईनात. त्यांतूनच ‘चंद्रकांता’ जन्मली. १८८८ मध्ये ती प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा लेखकाचे वय अवघे सत्तावीस होते.

कादंबरीतील नौगढ, विजयगढ, चुनार ही स्थळे खरी आहेत. अद्भुत आहे ते ‘तिलिस्म’, म्हणजे गुप्त खजिन्याभोवती उभारलेली मायावी वास्तू. हा शब्द त्या काळी नवा नव्हता. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या उर्दू दास्तानात तिलिस्म आणि ऐयार दोन्ही आहेत. मात्र तेथील जादूगार खरोखरीचे जादूगार आहेत. खत्रींनी मंत्र बाजूला सारले आणि त्यांच्या जागी कारागिरी आणली. त्यांचे तिलिस्म खजिन्याचा धनी बांधवून घेतो. ज्योतिषी गणित मांडून ते कोणाच्या हातून फुटेल हे ठरवितात. आणि ते फोडण्याची रीत एका पोथीत लिहिलेली असते. माणसाला गिळणारा बगळ्याचा पुतळा प्रथम भुताटकी वाटतो. पुढे कळते की ती यंत्राची करामत आहे.

ऐयार म्हणजे वेषांतरात निपुण असा राजाचा गुप्तचर. त्याच्याजवळही सिद्धी नाही. त्याच्या बटव्यात बेशुद्ध करण्याची भुकटी असते, शुद्धीवर आणणारा लखलखा असतो, भिंत चढण्यासाठी कमंद म्हणजे दोर असतो. शत्रूचा ऐयार हाती लागला तर त्याला कैद करावे, ठार मारू नये, हा त्यांचा रिवाज. ‘चंद्रकांता संतति’मधील तिलिस्मी खंजीर विजेसारखा तळपतो आणि समोरच्याला बेशुद्ध पाडतो, पण त्याच्या जोडीची अंगठी बोटात नसेल तर बाळगणाराच बेशुद्ध व्हायचा! प्रत्येक शक्तीला अशी मर्यादा असल्यामुळे नायक अडकला की वाचकही त्याच्याबरोबर सुटकेची वाट शोधू लागतो.

‘संतति’चे चोवीस भाग १९०५ पर्यंत पूर्ण झाले. दरम्यान १८९८ मध्ये खत्रींनी काशीत लहरी प्रेस काढला. त्यांच्या कादंबऱ्या वाचता याव्यात म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, अशी ख्याती आहे. अशा गोष्टी संभवतात काय, असा वाद निघाला तेव्हा त्यांनी सांगितले की, हे लेखन खऱ्याखोट्याच्या परीक्षेसाठी नसून कुतूहलासाठी आहे. ‘भूतनाथ’चे सहा भाग लिहून झाले आणि १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले. उरलेली कथा पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केली.

आचार्य रामचंद्र शुक्लांनी आपल्या इतिहासात हिंदीला सर्वाधिक वाचक मिळवून देण्याचे श्रेय खत्रींना दिले, मात्र या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत बसविले नाही. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पात्रांचे अंतरंग येथे फारसे उलगडत नाही, आणि ‘संतति’चा पसारा काही ठिकाणी आवरत नाही. आपल्याकडे हळब्यांची ‘मुक्तामाला’ किंवा रिसबुडांची ‘मंजुघोषा’ यांनाही आपण वर्गात अद्भुतरम्य म्हणून दोन ओळींत निकालात काढतो.

पण कल्पनेलाही शिस्त लागते, हे खत्रींचे मर्म त्यामुळे दृष्टिआड होते. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. त्यात खेळणारे स्वतःच योद्धा किंवा जादूगार यांची भूमिका घेतात. खत्रींशी त्याचा काही संबंध नाही. तरीही असा खेळ रचणाऱ्याला प्रथम हेच ठरवावे लागते की जादू कोणाला येते, कितीदा वापरता येते आणि तिच्यावर तोड कोणती. जंगलाचा ठेका गमावलेल्या एका माणसाने हेच प्रश्न काशीत बसून, कादंबरीपुरते का होईना, सोडविले होते. ग्रंथालयात ‘चंद्रकांता’ दिसली, तर निदान एवढ्यासाठी ती उघडून पाहावी.