अँथनी डिमेलो
अँथनी डिमेलो (४ सप्टेंबर, १९३१, मुंबई - २ जून, १९८७, न्यू यॉर्क) हे येशूसंघाचे भारतीय कॅथलिक धर्मगुरू, मानसोपचारतज्ज्ञ व लेखक होते.

१९४७ साली ते येशूसंघात दाखल झाले. बार्सिलोना येथे तत्त्वज्ञान, पुण्यात ईशज्ञान आणि शिकागो येथे मानसशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतले. १९६१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

१९७२ साली त्यांनी पुण्यात 'साधना' ही संस्था स्थापन केली. १९७८ साली ती मावळातील लोणावळा येथे हलविण्यात आली. संत इग्नेशियस लोयोला यांची साधनापद्धती, श्वासावरील अवधानासारख्या पौर्वात्य ध्यानपद्धती आणि आधुनिक मानसशास्त्र यांची सांगड घालून ते धर्मगुरू व धर्मभगिनींना प्रशिक्षण देत. 'साधना: अ वे टू गॉड' (१९७८) आणि विविध धर्मपरंपरांतील बोधकथांचा संग्रह 'द साँग ऑफ द बर्ड' (१९८२) या पुस्तकांमुळे ते जगभर परिचित झाले.

व्याख्यानांसाठी न्यू यॉर्कला गेले असता त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. वांद्र्याच्या सेंट पीटर चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. 'अवेअरनेस' (१९९०) हे व्याख्यानांवर आधारित पुस्तक मरणोत्तर प्रसिद्ध झाले. १९९८ साली व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने त्यांच्या आरंभीच्या लेखनाची उपयुक्तता मान्य केली. मात्र त्यांची काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे जाहीर केले. त्याला उत्तर देण्यास डिमेलो हयात नव्हते.